ओळीवर बांधलेली भिंत

आमच्या दादाला सगळी गल्ली मास्तर म्हणते. शाळेतला नव्हे, शिवणाचा. पँट शिवण्यात आपला हात धरणारा कोणी नाही असं तो स्वतःच सांगतो, आणि दुर्दैवानं ते खरं आहे. त्याच्याकडून गेलेली पँट माप चुकलं म्हणून परत आली, असं कधी झालं नाही. एखादं गिऱ्हाईक वर्षभरानं "मास्तर, कमरेत घट्ट होते" म्हणून आलंच, तर तो गळ्यातली टेप काढून आधी त्याचं पोट मोजतो आणि म्हणतो, "पँट होती तेवढीच आहे. वाढलंय कोण, ते तुम्ही बघा." अशा माणसाची धाकटी बहीण म्हणून मी जन्म काढलाय. वाद घालायची सोयच नाही.

तर हा सगळा तोरा घेऊन त्यानं घर बांधायला काढलं. हौस म्हणून नव्हे, वहिनीसाठी.

वहिनीच्या मणक्यात गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आणि तिच्यासोबत कमरेखालची शक्तीही गेली. तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत असते. हात मात्र शाबूत, नुसते शाबूत नाही, चांगले दणकट. बसल्या जागी भाजी चिरते, दादाच्या पँटींना हूक लावते, माझ्यावर डाफरते. पण जागा भाड्याची, वरच्या मजल्यावरची, लिफ्ट नाही. आणि न्हाणीघराला ही एवढी उंच पायरी, वर चिंचोळं दार. खुर्ची आत जातच नाही. म्हणजे प्रत्येक वेळी दादानं मशीन थांबवायचं, तिला उचलायचं, आत बसवायचं आणि धरून तिथेच उभं राहायचं. दादा बाहेर गेला असला की मला फोन. मी मागच्याच गल्लीत राहते, हातातलं टाकून धावते.

आमचं काय जातं हो त्यात? काही नाही. पण तिचं जायचं. दुपारचं पाणी पिणं तिनं सोडून दिलं होतं. का, ते सांगायला नको. डॉक्टर रागावले, मी तर भांडलेच. तेव्हा ती म्हणाली, "मला ना, आत जाऊन दार लावून घ्यायचंय. कोणी धरायला नाही, कोणी बघायला नाही. एवढं एक करा, बाकी घर तुम्हाला हवं तसं बांधा."

मी उठले आणि दादाला जागा शोधायच्या मागे लावलं.

गावाबाहेरच्या नव्या वस्तीत जागा मिळाली. इंजिनिअरनं नकाशा काढून दिला, तो दादाच्या पसंतीस उतरेल तर शपथ. "बाहेरची चौकट तुमची राहू द्या, आतलं मी बघतो," असं त्याला तोंडावर सांगून हा घरी आला आणि तपकिरी कागद पसरून बसला. पँटीचा नमुना कापतात ना, तोच कागद. खडूनं आखायचं, कात्रीनं कापायचं. एकेका खोलीचा एकेक तुकडा. मग सगळे तुकडे जमिनीवर कडेला कड लावून मांडले, आणि चौकटीत असे चपखल बसले की स्वतःवरच खूश होऊन त्यानं चहा मागितला.

"खिसा कुठे ठेवलायस?" मी विचारलं.

"तुझं तोंड ठेवायला मोठा खिसा लागेल," तो म्हणाला.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, खुर्ची जागच्या जागी वळायला पाच फूट मोकळे हवेत. दादानं न्हाणीघराचा तुकडा बरोब्बर तेवढा रुंद कापला. शेजारचा तुकडा त्याच्या कटिंगच्या खोलीचा. आयुष्यभर हा माणूस जमिनीवर गुडघे टेकून कापड बेततोय, आता त्याचे गुडघे उठताना कुरकुरतात. म्हणून एक बंद पडलेलं दुकान गाठून त्यानं लांबरुंद टेबल घेऊन ठेवलं होतं, माझ्या व्हरांड्यात! येता जाता माझ्या मांडीला त्याचा कोपरा लागायचा. पण त्या टेबलावरून हात फिरवताना दादाचा चेहरा बघितला की "उचल तुझं हे धूड" म्हणायला जीभ रेटायची नाही.

पुढे काम सुरू झालं. झुडपं काढली, जागा सपाट केली. मिस्त्री म्हणजे बोलघेवडा माणूस, हात एक करायचे नि तोंड दहा. दोऱ्या ताणून, खुंट्या ठोकून त्यानं बाहेरची आखणी केली. आतली ओळ मात्र दादानं स्वतः मारली, चुन्याची फक्की मुठीतून सोडत, पाठीत वाकून, कापडावर खडू ओढावा तशी. एक ओळ वाकडी म्हणून सापडली नसती.

मिस्त्रीनं विचारलं, "मास्तर, भिंत ओळीच्या आत घ्यायची की बाहेर?"

"आत नाही, बाहेर नाही. ओळीवर," दादा म्हणाला. "ओळीवर शिवण आली की काम चोख."

मिस्त्रीनं मान डोलावली. घरमालक ठाम बोलला की मिस्त्री लोकांना बरं वाटतं.

पाया खोदला, भरला. जोतं वर आलं. आत भराव टाकून, पाणी मारून धुमसून घेतला. मग आतल्या भिंतींचे पहिले थर लागले, पार पोटरीपर्यंत. दादा रोज संध्याकाळी धूळभरल्या चपलांनी घरी यायचा आणि वहिनीला सगळं हातवारे करून सांगायचा. इथे तुझा ओटा, म्हणजे बसून हात पुरेल असा. इथे खिडकी. पुढच्या दाराला पायरी नाही, उतार. ती डोळे मिटून ऐकायची.

एकदा मी बघायला गेले. मनात म्हटलं, अरे देवा, एवढंसंच? खोल्या कसल्या, खोकी वाटत होती. तसं बोलूनही दाखवलं.

"ताई, जोत्यावर घर लहानच दिसतं," मिस्त्री हसला. "प्रत्येक जण हेच म्हणतो. भिंती चढू द्या, छत पडू द्या, मग बघा कसं मोठं दिसतं ते."

दादानंही री ओढली. आणि मिस्त्रीचं म्हणणं काही खोटं नाही. ज्यानं ज्यानं घर बांधलंय त्याला विचारा, हेच सांगेल. मी मुकाट घरी आले. पण पोटात काही राहील तर मी कसली? वहिनीजवळ बोलून गेले.

ती ताठ झाली. "किती लहान?"

"अगं, दिसतं म्हणे तसं."

"दिसण्याचं नको सांगू. खुर्ची वळेल का?"

ते मला कुठे ठाऊक? मग तिनं धोशाच लावला, मला तिथे न्या. दादा म्हणाला, धूळ आहे, विटा पडल्यात, घर पुरतं झालं की थाटात नेतो. ती म्हणाली, पुरतं झाल्यावर येऊन काय करू, आरती ओवाळू? शेवटी दादानं तिला पाठुंगळी घेऊन जिना उतरवला, कुरकुर करत, आणि मी खुर्ची उचलून मागून, त्याच्यापेक्षा जास्त कुरकुर करत. रिक्षावाल्यानं खुर्ची मागे बांधली.

जोत्यावर चढायला फळ्या टाकून घेतल्या. वहिनी आपल्या हातांनी चाकं रेटत पुढच्या खोलीतून गेली. न्हाणीघराच्या दाराच्या जागेतून आत शिरली. मधोमध थांबली. मग एक चाक पुढे, एक मागे केलं.

पाय ठेवायची पुढची पावठी विटेला लागली. मागे घेतलं, तर मागचं चाक दुसऱ्या भिंतीला. पुन्हा केलं. पुन्हा लागलं. हाताच्या शिरा फुगल्या तिच्या, पण खुर्ची आडवी अडकली ती अडकलीच.

"ताई, जोत्यावर ना," मिस्त्रीनं सुरू केलं, "सगळं लहानच..."

"मिस्त्री," वहिनी म्हणाली, "भिंती वर चढल्या की माझी खुर्ची लहान होणार आहे का?"

तो बोलणं सोडून चाकाशी वाकला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

दादानं गळ्यातली टेप काढली. मोजलं. दुसऱ्या टोकाला जाऊन मोजलं. खिशातून कागदाचा तुकडा काढून उलगडला, तोही मोजला. "कागद बरोबर आहे," तो म्हणाला. "माप बरोबर आहे. असं कसं होईल?" मग तो खाली बसला आणि भिंतीच्या माथ्यावर आडवा पंजा ठेवला. पंजा पुरा मावला, वर वीट उरली. तो त्या विटेकडे बघत राहिला.

"अगं," तो म्हणाला, "भिंतीला जाडी आहे."

मला खरंच हसू फुटलं. जन्मभर कापड हाताळलेला माणूस! कडेला कड लावून तुकडे मांडले, आणि मधल्या भिंतींना जागा ठेवायचं ध्यानातच नाही! दोन्हीकडच्या भिंती अर्ध्या अर्ध्या आत घुसल्या, वर अजून गिलावा व्हायचाय, फरशा लागायच्यात. मी हसत हसत त्याच्याकडे वळले आणि माझं हसू जागच्या जागी मेलं. दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता. एवढा मोठा माणूस, आणि शाळेत नापास झालेल्या पोरासारखा दिसत होता. मला त्याची फार दया आली, आणि दया आली की मला राग येतो, म्हणून मी मिस्त्रीवर घसरले. "तुम्हाला दिसलं नाही? विटा तुम्ही रचल्यात ना?"

"मास्तर म्हणाले ओळीवर," मिस्त्री म्हणाला. "मी ओळीवर घेतली."

आता करायचं काय? एक भिंत बाहेरची, ती हलणार नाही. दुसरी सरकवायची तर कटिंगच्या खोलीत सरकणार. आणि ती सरकली की टेबल आत मावणार नाही, हे सांगायला कोणी टेप काढायची गरज नव्हती. व्हरांड्यातलं ते धूड मला पाठ होतं.

वहिनीलाही कळलं. ती लगेच म्हणाली, "राहू द्या हो. खुर्ची दाराशी ठेवू, पुढचं तुम्ही उचलून न्या. इतकी वर्षं चाललंय ना? सवय झालीय मला."

"मला नाही झाली," दादा म्हणाला.

"तुमचे गुडघे बघा. टेबल हवंय तुम्हाला."

"गुडघे माझे आहेत!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की खाली वाळू चाळणारी बाई थांबून बघायला लागली. वहिनीवर तो कधी आवाज चढवत नाही. "मिस्त्री, ही भिंत काढा."

"मास्तर, नुसती भिंत नाही, खाली पाया आहे. तिकडे परत खोदावं लागेल. भराव दिलेला..."

"खोदा. माप चुकलं की कापड ओढून वाढत नाही. उसवावं लागतं. कच्चं आहे तोवर उसवू."

आणि मिस्त्री हातोडी आणायला वळेपर्यंत ह्यानं स्वतःच वरची वीट हलवून सोडवली. मग दुसरी. वहिनी अडकलेल्या खुर्चीतून बघत होती, तिला "पुरे" म्हणायचं होतं आणि म्हणवत नव्हतं. मी पदर खोचला आणि विटा वेचायला लागले. चिकटलेलं सिमेंट खरवडून त्या बाजूला रचून ठेवल्या, फुकट कशाला घालवायच्या?

पुन्हा खोदाई झाली, पाया भरला, नवी भिंत उभी राहू लागली. ह्या वेळी दादा विटेची जाडी धरून मोजत होता, गिलावा धरून, फरशी धरून, इतका की मिस्त्री वैतागून म्हणाला, "मास्तर, आता रंगाचीही जाडी धरा."

भिंती माणसाच्या डोक्यापर्यंत आल्या, छत अजून नव्हतं, तेव्हा वहिनी परत आली. तिनं आधी कोणाला काही विचारलं नाही. आत गेली, एक चाक पुढे, एक मागे. खुर्ची फिरली. पूर्ण फिरून तिचं तोंड दाराकडे आलं. दादानं श्वास सोडला तो मला ऐकू आला.

"दार कुठाय?" तिनं विचारलं.

"दार शेवटी बसतं ताई," मिस्त्री म्हणाला.

"मग काहीतरी लावा."

रिक्षात अंथरलेली चादर होती. दादानं ती दोन खिळे ठोकून दाराच्या जागी टांगली. आतून वहिनीचा आवाज आला, "आता सगळे खाली उतरा."

मिस्त्री उतरला. मी उतरले. दादा चादरीजवळच. "काही लागलं तर हाक मार," तो म्हणाला.

"काही लागणार नाही. तुम्ही जा."

तो एक पाऊल मागे सरकला.

"रस्त्यापर्यंत जा!"

तो गेला. रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि त्याला हातांचं काय करावं कळेना. कधी खिशात घातले, कधी मागे बांधले. मग त्यानं डोळे पुसले, उघडपणे, आणि मीही पुसले, त्यात लाजायचं काय? मिस्त्रीचा चहा पिऊन झाला. आतून ना चाकाचा आवाज, ना हुंदका, ना गुणगुणणं. मला राहवेना. दोनदा जाऊन बघावंसं वाटलं, दादानं दंड धरून ठेवला.

बऱ्याच वेळानं चादर बाजूला झाली आणि ती बाहेर आली. केस पुन्हा बांधलेले, चेहरा शांत. मी धावत जोत्यावर चढले.

"एवढा वेळ काय करत होतीस गं आत?"

वहिनीनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुला काय करायचंय?" ती म्हणाली.