लंकाबाई कॉलेज बघायला जाते

शेवगावच्या अंगाला कुणाच्या लेकीची सोयरीक जमायची असली, की गाडीत नारळ ठेवायच्या आधी एकच विचारणा होते, लंकाबाई येतीय का? येणार असेल तर गाडी थांबते आणि मुलीचा बाप स्वतः तिच्या ओट्यापाशी जाऊन उभा राहतो. लंकाबाई घाई करत नाही. सुपातली तूर निवडून संपवते, खडे अंगणात टाकते, धुतलेलं लुगडं नेसते आणि मधल्या सीटवर खिडकीशी जाऊन बसते. ती जागा तिची. त्यावरून आजवर कुणी वाद घातलेला नाही.

पुरुषमाणसं मुलाच्या घरी गेली की बैठकीत बसतात. जमीन किती, पाणी विहिरीचं का पाटाचं, पोरगा कुठं चिकटलाय, हे त्यांचं बघणं. लंकाबाई पाणी पिऊन झालं की उठते आणि आत जाते. आत त्या घरची थोरली सून असते, पोहे परतत नाहीतर कपबशा विसळत. लंकाबाई तिला काहीतरी साधंच विचारते. तुझं माहेर कुठलं, इकडं अंबाडी मिळती का, यंदा कुरडया झाल्या का. मग बाहेर येते. परतताना गाडी वेशीबाहेर पडली की कुणीतरी भीतभीत विचारतं, आणि ती म्हणते, "चालंल," किंवा "न्हाई." तिच्या एका 'न्हाई'वर साखरपुड्याची तारीख धरलेल्या सोयरिकी मोडल्या आहेत. लोकांनी नाना तर्क केले. कुणी म्हणे ती चुलीतली राख बघते, कुणी म्हणे माठाखालची ओल. एकानं तर पैज लावली होती, की ती घरातल्या मांजराकडं बघते. लंकाबाई ऐकून घ्यायची आणि मिसरी लावत बसायची.

खरं होतं ते फार थोडं होतं. ती सुनेला विचारायची आणि तिच्या डोळ्यांकडं बघायची. उत्तर द्यायच्या आधी सून सासूच्या तोंडाकडं बघते का? बघत असेल तर न्हाई.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिच्या स्वतःच्या नांदण्यानं शिकवलं होतं. ऐन विशीत ती लांबच्या एका नावाजलेल्या घरात पडली होती. घर स्वच्छ, देवाधर्माचं, सकाळी सडा-सारवण झाल्याशिवाय चहाचं आधण न ठेवणारं. मारहाण नव्हती, उपासमार नव्हती. फक्त त्या घरात तिला कधी कुणी काही विचारलं नाही. भाजी कुठली करू, हेसुद्धा नाही. एका पंचमीला ती माहेरी आली आणि परत गेली नाही. धाकटा भाऊ काकासाहेब तेव्हा मिसरूडही न फुटलेला, पण त्यानं तिची पेटी उचलून आतल्या खोलीत ठेवली आणि विषय संपवला. पुढं त्याचं लग्न झालं, सविता घरात आली, पोरं झाली. लंकाबाई त्या घरची आत्या म्हणून राहिली आणि हळूहळू त्या घरचा शब्द झाली.

काकासाहेबाची धाकटी मोनिका यंदा बारावी झाली. पोरगी बोलकी, वाचणारी. भज्यांच्या कागदावरची बातमीसुद्धा वाचल्याशिवाय कागद टाकायची नाही. मागच्या हिवाळ्यात ती वक्तृत्व स्पर्धेसाठी पुणतांब्याच्या अलीकडच्या एका छोट्या कॉलेजात गेली होती. नंबर दुसरा आला. पण घरी आल्यावर बक्षिसाचं तिनं नावसुद्धा काढलं नाही. सांगत राहिली ते वेगळंच. भाषण झाल्यावर तिथल्या म्हाताऱ्या सरांनी तिला बाजूला बसवलं होतं आणि तिच्या एकेका वाक्याला विचारलं होतं, असं का वाटतं तुला? तिला दोन ठिकाणी उत्तर आलं नव्हतं. ती दोन ठिकाणं पोरीच्या डोक्यातून जात नव्हती. बारावीचा निकाल लागला आणि तिनं सांगून टाकलं, शिकेन तर तिथंच.

कॉलेज म्हणजे केवढं, तर एका शाळेएवढं. नुसती कला शाखा. इतिहास, तत्त्वज्ञान, जुनं मराठी, संस्कृत, थोडं गाणं. कायदे मात्र डोंगराएवढे. मोबाईल ऑफिसात जमा. पहाटे प्रार्थना. पांढरा गणवेश. मुलं एका बाजूला, मुली एका बाजूला. रविवारशिवाय फाटकाबाहेर पाऊल नाही, आणि सैपाकाची पाळी सगळ्यांना.

भावकीनं दोन्हीकडून ढोल वाजवला. नगरला नर्सिंग कर म्हणणारे म्हणाले, कला शाखा घेऊन भाकरी कुठून यायची? तर पारावरची माणसं म्हणाली, संस्कार चांगले आहेत तिथं, पोर नजरेखाली राहील, काकासाहेब, डोळे झाकून टाक. काकासाहेबाला नजरेखाली हा शब्द आवडला. लंकाबाईला त्याच शब्दानं धास्ती भरली. शिस्तीचं, सारवलेलं, मान खाली घालून चालणारं घर कसं असतं, ते तिला ठाऊक होतं.

सविता म्हणाली, आक्का म्हणतील तसं. काकासाहेबही तेच म्हणाला. आणि जूनमधल्या एका सकाळी शेजाऱ्याची जीप मागून घेऊन तिघं निघाली. जाताना नेवाशाच्या पुढं ऊस लागला तशी मोनिका गप्प झाली. एरवी गाडीत तिचं तोंड मिटत नसे.

कॉलेज नदीपासून हाकेच्या अंतरावर होतं. बुटकी दगडी इमारत, लिंबाची झाडं, दाराशी एका रेषेत काढून ठेवलेल्या चपला. त्या चपला बघूनच लंकाबाईच्या मनात पाल चुकचुकली. पोरापोरींच्या चपला अशा कधी राहतात का?

प्राचार्य गोरक्षनाथ सर, मोनिकाला खोदून विचारणारे तेच, साठी ओलांडलेले, अंगात साधा पायजमा-सदरा. गोड बोलून गिऱ्हाईक ओढायची त्यांना सवय नसावी. त्यांनी आधी सगळे नियमच सांगितले. ज्याला हे झेपत नाही त्यानं शहरातली कॉलेजं बघावीत, तीही चांगली आहेत, असंही सांगितलं. इथून पास झालेल्याला नोकरी लागेलच असा शब्द देत नाही म्हणाले. वाचायला, लिहायला आणि आपलं म्हणणं मांडायला लावतो, एवढंच. काकासाहेब मान डोलवत राहिला. मोनिका पुस्तकांच्या खोलीकडं गेली. लंकाबाई पाणी प्याली, उठली आणि सैपाकघर कुठं आहे ते विचारलं.

सैपाकघरात मोठ्या तव्यावर भाकरी चालली होती. थापणारी मुलगी अकोले तालुक्यातली, पूजा नावाची. कोपऱ्यात रेक्टरबाई धान्य मोजून देत होत्या. लंकाबाईनं परातीतल्या पिठाकडं बघितलं, भाकरीचं कौतुक केलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "पोरी, करमतं का हितं?"

पूजानं आधी रेक्टरबाईंकडं बघितलं. मग म्हणाली, "हो. करमतं की."

पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ गेला असेल. पण लंकाबाईला तो पुरला. ती बाहेर आली, लिंबाखालच्या पारावर बसली, आणि काकासाहेब जवळ आल्यावर म्हणाली, "न्हाई."

काकासाहेबानं का म्हणून विचारलं नाही. आजवर विचारलं नव्हतं. खांद्यावरचा टॉवेल नीट केला आणि पोरीला बोलवायला गेला. मोनिका पुस्तक हातात घेऊनच आली. बापानं सांगितलं तसं तिचं तोंड एवढंसं झालं, पण डोळ्यांत पाणी नाही आलं. ती आत्याच्या शेजारी बसली.

"असं का वाटतं तुला?" तिनं विचारलं.

लंकाबाईला राग यायला हवा होता. पण पोरीच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. इतक्या वर्षांत लोकांनी राखेचे नि मांजराचे तर्क केले, समोर बसून सरळ कुणी विचारलं नव्हतं. मग लंकाबाईनं सांगितलं. सुनेचे डोळे, सासूचं तोंड, ते नावाजलेलं घर, सगळं. काकासाहेब उभ्यानं ऐकत होता. त्याची बहीण त्या घराबद्दल त्याच्यासमोर पहिल्यांदाच एवढं बोलत होती.

मोनिकानं हातातलं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "त्या मुलीला एकटीला विचारलंस का?"

"लागत न्हाई इचारायला. कळतंय."

"मी विचारू?"

आणि उत्तराची वाट न बघता ती गेली. थोड्या वेळानं पूजा पिठाचे हात ओढणीला पुसत तिच्या मागून आली. जवळपास कुणी नव्हतं. लंकाबाईनं तिला पारावर बसायला जागा केली, आणि पूजा आपण होऊनच बोलायला लागली.

"मावशी, खरं सांगू का, करमत न्हाई. पहिल्या वर्षी लई रडले मी. बाई कडक हायेत, उशीर झाला तर बोलत्यात. घरी फोन रविवारचाच." मग म्हणाली, "पण मी सोडून जानार न्हाई. मागच्या म्हयन्यात मी सरांच्या विरुद्ध निबंध लिव्हला. मुला-मुलींना येगळं बसवनं चूक हाय म्हनून. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. नियम काय बदलला न्हाई त्यांनी. पण दोन तास भांडलो आम्ही. आमच्याकडं बाप्यामानसाशी असं भांडायला मिळतं व्हय?"

एवढं बोलून ती हसली, आणि भाकरी करपंल म्हणत पळाली.

लंकाबाई सैपाकघराच्या दाराकडं बघत राहिली. असं घर तिनं बघितलं नव्हतं, जिथं सून सासूच्या धाकात असते आणि तीच सासूशी चारचौघांत दोन तास भांडते. घर वाईट म्हणावं तर पोरगी हसत होती. चांगलं म्हणावं तर ती बाईंच्या तोंडाकडं बघून बोलली होती, तेही खोटं नव्हतं.

काकासाहेब खाकरला. "मोना," तो म्हणाला, "आक्काचं ऐकलंस, त्या पोरीचं बी ऐकलंस. तुझं काय? यायचंय का हितं?"

मोनिकानं तोंड उघडलं. आणि बोलायच्या आधी तिनं आत्याच्या तोंडाकडं बघितलं.

 आपल्या घरातल्या, आपल्या हातानं वेणी घातलेल्या पोरीच्या डोळ्यांत लंकाबाईनं ते बघितलं. सविता 'आक्का म्हणतील तसं' म्हणते तेव्हा ती कुणाकडं बघत असते? हा एवढा बापई, दोन पोरांचा बाप, कारण न विचारता टॉवेल नीट करून निघतो, तो कुणाकडं बघून? या घरात कुणी कुणावर आवाज चढवला नव्हता. सगळं मायेनंच झालं होतं.

ती उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. म्हणाली, "तुमी बोला. मी नदी बघून येते." आणि मागं वळून न बघता फाटकाकडं चालायला लागली.

नदीला पाणी बेताचंच होतं. एक बाई धुणं धूत होती, पलीकडं म्हशी बसल्या होत्या. लंकाबाई घाटाच्या पायरीवर बसून राहिली. पोरीला काय वाटतं ते ऐकायची तिला फार इच्छा होती, आणि म्हणूनच ती उठली नाही.

मोनिकाच तिला शोधत आली. धापा टाकत होती. ती आधी सरांकडं गेली होती म्हणे. प्रार्थना म्हणावीशी वाटली नाही तर काय, असं तिनं त्यांना विचारलं होतं. सर म्हणाले होते, उठून येऊन बसावं लागेल, म्हणायलाच पाहिजे असं नाही. आणि जमलं नाही तर? तर दिवाळीपर्यंत बघ, दाखला मी माझ्या हातानं देईन, बोलणी ऐकावी लागणार नाहीत. गेल्या वर्षी एक मुलगा असाच गेला, तो अजून पत्र लिहितो.

"मी येणार आहे आत्या," ती म्हणाली. या वेळी ती पाण्याकडं बघत होती. "मुला-मुलींचं वेगळं बसणं मला पटत नाही. मोबाईलचंही जड जाईल. तरी येणार आहे."

लंकाबाईनं पायरीवरचा एक खडा उचलून पाण्यात टाकला. "मला हे घर अजून पसंत न्हाई, हे सांगून ठिवते," ती म्हणाली. "पन तू ये."

फी-कागदाचं काकासाहेबानं बघितलं, तोवर मोनिकानं आत्याला पुस्तकांची खोली दाखवली, आणि ऊन कलल्यावर जीप निघाली. त्याला आता राहवत नव्हतं, बहिणीला दोनदा विचारून झालं, की आक्का, आपण बरोबर करतोय ना? दोन्ही वेळा ती म्हणाली, मला ठाऊक न्हाई. हे वाक्य तिच्या तोंडून त्यानं कधी ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा तो बिचकला, दुसऱ्यांदा त्याला हसू आलं.

खिडकीशी या वेळी मोनिका बसली होती. लंकाबाईनंच तिला आत सरकू दिलं होतं. नेवाशाला प्रवरेचा पूल आला तेव्हा पोरीनं विचारलं, "आत्या, तुला शिकायला मिळालं असतं तर काय शिकली असतीस?"

 पूल संपला, नेवासं मागं पडलं, रस्त्याकडेची उसाची शेतं विरळ होत गेली. काकासाहेबाला वाटलं, आक्काचा डोळा लागला. पण ती जागी होती आणि विचार करत होती. या प्रश्नाचं तयार उत्तर तिच्यापाशी नव्हतं आणि उसनं आणायला जागाही नव्हती.

"त्या पुस्तकांच्या खोलीत भिंतीला नकाशा हुता," शेवटी ती म्हणाली. "त्यात निळी रेघ हुती. ती आपली गंगाच का?"

"हो, गोदावरी."

"ती पैठणाच्या धरणापतुर मला म्हाईत हाय. पुढं कुठं जाती?"

मोनिका सरळ बसली आणि सांगायला लागली. जालन्या-बीडच्या मधून जाते, मग परभणी, मग नांदेड. मग महाराष्ट्र संपतो. काकासाहेबानं गाडीचा वेग कमी केला, कारण काचेतून वारा घुसत होता आणि बोलणं नीट ऐकू येत नव्हतं.

"आन मंग?" लंकाबाई म्हणाली.