घरगुती कारण
सुक्या बोंबलांचा वास आला की मला चिंचणीजवळच्या शाळेतली एप्रिलची ती दुपार आठवते. तारापूरला वीजघराचं बांधकाम सुरू होतं, त्या वर्षीची गोष्ट. आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला, आणि अक्षरही माझं शाळेत सगळ्यांत चांगलं, त्याचा मला तोरा होता. खिडकीतून वाळवणाचा वास येत होता आणि हेडमास्तर सांगत होते, "लिहा, घरगुती कारणामुळे राजीनामा देत आहे." मी म्हणालो, "सर, माझ्या घरी काहीच कारण नाही." "अहो, दर वर्षीची पद्धत आहे. सुटीचा पगार संस्थेला परवडत नाही. जूनमध्ये घेतोच ना परत." माझ्यासारख्याच तात्पुरत्या आणखी दोघा मास्तरांचे राजीनामेही मीच लिहिले, त्यांनी नुसत्या सह्या केल्या. पाणी घेऊन आलेला शिपाई कागद बघून म्हणाला, "मास्तर, छापल्यावानी हाय. पन कागद देव नका. आदीच्या मास्तरांनी पन असाच दिला व्हता." बी.ए. झालेल्या माणसानं शिपायाचं काय ऐकायचं? जूनमध्ये गेलो, तर माझ्या वर्गावर संस्थेच्या चेअरमनांचा भाचा शिकवत होता. मी भांडलो. चेअरमनांनी शांतपणे कागद पुढे सरकवला. "तुम्हीच सोडलीत, मास्तर. अक्षर तुमचंच ना?" माझंच होतं. घरी आलो, तर दुसऱ्याच्या वाडीत राबून आलेले बाबा हात धूत होते. "तुजी साला चालू झाली ना रे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी आईनं डबा भरून दिला, तो घेऊन मी वाणगाव स्टेशनच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. अजूनही लग्नपत्रिकांवर नावं लिहायला कुणी बोलावलं, की हात दुखतो म्हणून सांगतो.