काळी पाच

हे मी कुणाजवळच बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, ज्यांच्याबरोबर वीस वर्षं भजनाला पेटी वाजवली त्या मंडळींजवळही नाही. तुम्हाला सांगतोय — आणि सांगताना माझाच मला असा संताप येतोय की शब्द इकडेतिकडे झाले तर होऊ द्या.

मागच्या महिन्यात संगीतशिक्षकांच्या मेळाव्यात मला बोलायला उभं केलं. विषय — मुलांना पियानोवर पाश्चात्त्य शास्त्रीय रचना शिकवताना येणाऱ्या अडचणी. बीडमध्ये पियानो शिकवणारा माणूस, म्हणून कौतुक! मी अर्धा तास तोंड सोडलं. पोरं नखं कापत नाहीत. मनगट लोंबतं. डावा हात उजव्याच्या मागे फरफटत जातो. घरी सरावाला खेळण्यातला कीबोर्ड, आणि तिसऱ्याच आठवड्यात आईबाप विचारतात, गॅदरिंगला सिनेमाचं गाणं कधी बसवणार? लोक हसले. टाळ्या पडल्या. शाल घेऊन घरी आलो. खोटारडा! सगळ्यात मोठी अडचण मी सांगितलीच नव्हती — मास्तर.

आठ-दहा वर्षांपूर्वीपर्यंत मला ते पाच रेघांवरचं नोटेशन धड वाचता येत नव्हतं. म्हणजे — ठिपके मोजत मोजत सारेगम लिहून काढण्यापुरतं यायचं. बाकी सगळा पेटीवाल्याचा कान. पाटीवर मात्र ‘पाश्चात्त्य पियानो’, ठसठशीत अक्षरात. वर्षातून एकदा मुंबईहून परीक्षक यायचे. त्यांच्या पुस्तकातल्या रचना मी सारेगममध्ये उतरवायचो आणि झेरॉक्स काढून पोरांना वाटायचो.

त्यात एक मिन्युएट होता, जुन्या काळचा तीन मात्रांचा नाच. आम्ही पेटीवाले पट्ट्या आकड्यांनी ओळखतो, त्या हिशेबानं तो पांढरी चारचा. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक बारीक चिन्ह होतं. त्याचा अर्थ, या ओळीत जिथे जिथे पांढरी सात येईल तिथे तिच्याऐवजी काळी पाच वाजवा. मला वाटलं, छापायची पद्धत असेल. मी आपली पांढरी सात लिहून मोकळा. आणि खटकावं ना कानाला? नाही खटकलं! पांढरी चारला सा धरला की पांढरी सात म्हणजे यमन रागातला तीव्र मध्यम — मला त्यात यमन ऐकू आला. वा, म्हटलं, गोऱ्यांनाही यमन कळतो की. तीन वर्षं मी पोरांकडून तो चुकीचा सूर घोटून घेतला.

अश्विनी नेकनूरहून एसटीनं यायची. चौदा वर्षांची. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, ती आत्याजवळ राहायची. बापाशी भांडून तिनं क्लास लावला होता. बापानं अट घातली होती — परीक्षा पास झालीस तर शीक, नाहीतर यंदा टोळीबरोबर चल. हे मला माहीत होतं. तिनंच सांगितलं होतं, हसत हसत, कारण पास व्हायची तिला खात्री होती.

एक दिवस वाजवता वाजवता ती थांबली. “सर, हितं पांढरी सात न्हाई, काळी पाच हाय. म्या मोबाईलवर बघून शिकले.” हळू आवाजात बोलली बिचारी. पण मागे तीन पालक बसले होते — आणि माझं टाळकं सरकलं. मी म्हणालो, “ज्या हातानं उद्या कोयता धरायचाय, त्या हातानं मला सूर शिकवू नकोस.”

पालक हसले. अश्विनीनं हात मांडीवर घेतले.

ती गेल्यावर, त्याच दुपारी, मी मोबाईलवर तो मिन्युएट ऐकला. पाच वेळा ऐकला. काळी पाच! स्वच्छ, उघडी काळी पाच. मग दुसऱ्या दिवशी सांगायला काय धाड भरली होती? पोरी, तुझं बरोबर, माझं चुकलं — एवढंच ना? नाही सांगितलं. उलट म्हणालो, माझ्या क्लासच्या नावानं बसायचं असेल तर मी लिहून दिलंय तेच वाजवायचं.

परीक्षेच्या दिवशी मी दाराबाहेर उभा होतो. बाकीच्या पोरांनी चुकीचा सूर बेधडक ठोकला आणि ती सगळी काठावर का होईना, पास झाली. अश्विनीचा हात मात्र त्या जागेशी आला की अडायचा. तिला खरं माहीत होतं आणि माझा हुकूमही पाठ होता. दर वेळी थांबायची, ताल तुटायचा — आणि मग माझी पांढरी सात वाजवायची. मी बाहेरून ती प्रत्येक तुटलेली मात्रा ऐकली. आत जाऊन बोललो का? शेवटी तर तिला कुठून उचलावं तेही सुधरेना.

ती नापास झाली. एकटी तीच.

बाप भेटायला आला, तिला घेऊन. टोपी हातात धरून उभा. “सर, कावून नापास झाली ओ? घरी तर लई करायची. पोरीचं नेमकं काय चुकलं?”

मी म्हणालो, “कान नाही तिला.”

अश्विनी माझ्याकडे बघत होती. एक शब्द बोलली असती तर तिथल्या तिथे उघडा पडलो असतो. ती बोलली नाही. बाप म्हणाला, “तुमी म्हंता म्हंजी तसंच असंल,” आणि माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.

त्या दिवाळीनंतर ती टोळीबरोबर गेली. पुढच्या तुकडीच्या कागदावर मी गुपचूप काळी पाच लिहिली, म्हणालो, पुस्तकाची नवी आवृत्ती आलीय.

तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांनी कशाला? म्हणू नका काही. त्या खोलीत खरा कान एकीचाच होता, हे मला कळत होतं — आणि कळत असताना मी तिच्या बापाला सांगितलं की तिला कान नाही.