वन्सं आणि पन्नासचा आकडा

महाराष्ट्रात कुठेही पंख्याचं पातं फिरत असलं तरी त्याची जबाबदारी आपल्यावर आहे, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे, आणि ती माझी थोरली नणंद आहे. वन्सं वीजपुरवठ्याचा तोल सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षात इंजिनियर आहेत. तिथे स्क्रीनवर एक आकडा असतो, तो पन्नासच्या आसपास राहायला हवा. वीज कमी पडली की तो घसरतो, जास्त झाली की चढतो, आणि फारच घसरला तर गावंच्या गावं अंधारात. पूर्वी कोळशाच्या केंद्रांना सांगितलं की ती ऐकायची. आता विजेसाठी ऊन-वारा आलेत आणि ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, असं त्या सांगतात. तेही तक्रारीच्या सुरात नाही, तर हट्टी पण हुशार नातवाचं कौतुक करावं तसं.

या ध्यासापुढे भोईवाड्यातली आमची अख्खी इमारत शरण गेली आहे. संध्याकाळी चालणारा पाण्याचा पंप त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडून दुपारवर आणला. वॉशिंग मशीन, इस्त्री, घरघंटी, सगळं भर दुपारी. रविवारी जेवून मी जरा आडवी झाले की दारात हजर: "अगं, बाहेर एवढं ऊन वाया चाललंय आणि तू झोपतेस?" धुळ्याकडे सौरऊर्जेचे मोठे प्रकल्प आहेत, म्हणून तिथे राहणाऱ्या त्यांच्या मावशींना रोज सकाळी फोन, आधी ढगांची चौकशी, मग तब्येतीची. मावशींची अँजिओप्लास्टी झाली तेव्हाही हा क्रम बदलला नाही. ऑफिसात हवामानाचे अंदाज येतात की, असं मी एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, "येतात. पण मावशीला खिडकी आहे."

त्यांच्या मुलीचा, ऋताचा, साखरपुडा दादरच्या हॉलमध्ये होता. ऑक्टोबरचा उकाडा, भरदुपारचा मुहूर्त, वन्सं पैठणीत. एवढ्यात मावशींचा फोन आला, की बाहेर काळंकुट्ट झालंय, दुपारी दिवा लावलाय. वन्संनी तिथूनच ऑफिसला फोन लावला आणि स्वयंपाकघरात शिरल्या, कारण तेवढीच शांत जागा होती. मी मागोमाग गेले. आकडा घसरायला लागला होता. ड्यूटीवरचे साहेब नव्या अंदाजासाठी थांबले होते. जिलबीच्या कढईशेजारी उभ्या राहून वन्सं अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "थांबू नका. धरणावरची यंत्रं आत्ता सुरू करा. ढग पुढे सरकतोय." मग फोन कानालाच ठेवून त्यांनी हॉलच्या मॅनेजरला एसी बंद करायला लावले. एवढ्याने काय होणार, असं तो म्हणाला. काहीच नाही, असं त्याही म्हणाल्या, पण बंद करायलाच लावले. बाहेर नवऱ्या मुलाची आई घामाघूम झाली, पाहुणे पदराने वारा घेऊ लागले, आणि गुरुजी मुहूर्त टळतोय म्हणून दारात येऊन माझ्याकडे बघू लागले.

वन्संनी माझं मनगट धरलं होतं, ते सोडून त्या म्हणाल्या, "तू जा, माझ्या जागी उभी राहा." आकडा सावरला तेव्हा त्या इतक्या मोठ्याने हसल्या की आचाऱ्याच्या हातून झारा पडला, ते मला बाहेर हॉलमध्येही ऐकू आलं. मग धावत बाहेर आल्या. तोवर अंगठ्या घालून झाल्या होत्या. कुठे एक दिवासुद्धा गेला नव्हता, त्यामुळे काही झालं होतं हे कुणाला कळलंच नाही.

ऋता लग्न होऊन कॅनडाला गेली. परवा वन्सं अल्बम बघत बसल्या होत्या. अंगठीच्या फोटोत लेकीच्या शेजारी, त्यांच्या जागी, मी उभी आहे. त्यांनी त्या फोटोवरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "दिव्यांच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे किती स्वच्छ आलेत, नाही?"