धुळातात्यांची मेंढी

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कुणी तोंडसुख घ्यायला नको. भूतबाधा, करणी, अंगात येणं असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. वीसेक वर्षं मी आमच्या तालुक्याचा वार्ताहर आहे. गंडेदोरे विकणाऱ्या दोन बाबांची दुकानं माझ्या बातम्यांमुळे बंद झाली. त्यातल्या एकाने भर चौकात मला शाप दिला होता, "तुझं वाटोळं होईल." वाटोळं झालं, नाही असं नाही... पण ते पोलीस ठाण्यातून झालं, शापातून नव्हे.

दुसरं असं की आम्ही मुलाणी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — आमच्याकडे गावोगावच्या जत्रेत देवाला बकरं कापतात, ते कापायचा मान मुलाण्याचा. देव बिरोबा, नवस धनगराचा आणि सुरी आमची! माझ्या वडिलांनी, म्हणजे अब्बांनी, वर्षानुवर्षं हे काम केलं. त्यात एक रीत आहे. सुरी लावण्याआधी जनावराच्या पाठीवर हळदीचा भंडारा टाकायचा, पाणी ओतायचं आणि थांबायचं. जनावराने अंग झाडलं की देवाने कौल दिला. नाही झाडलं तर पुन्हा पाणी. लहानपणी मी डोळे मोठे करून बघायचो, तेव्हा अब्बाच हसून म्हणायचे, "आरं येड्या, गार पानी पडल्यावर कुटलंबी जनावर अंग झाडतंय. त्यात द्येव कुटला आला?"

म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलनाचा पहिला धडा मी घरातच शिकलो.

आता मूळ गोष्ट. आटपाडीच्या पूर्वेला, जिथून पुढे नुसतं कुसळाचं माळरान लागतं, तिथे धनगरांची एक वस्ती आहे. वस्तीचं नाव देत नाही, कारण प्रकरण कोर्टात आहे. वस्तीच्या वरच्या अंगाला टेकडी, टेकडीच्या पोटात खडीची खाण आणि खाणीला लागून क्रशर. क्रशरची भुकटी उडून कुरणावर बसते. खाली पाझर तलाव आहे, त्यातलं पाणी ताकासारखं पांढरं झालेलं. मेंढ्या खोकत होत्या. मेंढी माणसासारखी खोकते हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं, आणि शंभर मेंढ्या एकदम खोकतात तो आवाज मी विसरू शकत नाही. कोकरं पोटातच मरत होती. हे सगळं मला दाखवलं धुळातात्यांनी. वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला लाल पागोटं, आणि बोलणं असं की एक शब्द वाया जाणार नाही.

मी तीन बातम्या केल्या. फोटो, तलावाच्या पाण्याचा तपासणी अहवाल, सगळं लावलं. चौथी बातमी माझ्यावरच आली! खाणीत बेकायदा घुसलो, कामगारांना दमदाटी केली, लोकांना दगडफेकीला चिथावलं — असा गुन्हा. दगडफेक कुणी पाहिली नव्हती, पण साक्षीदार चार होते आणि चौघेही क्रशरचे पगारी. दोन दिवस मी कोठडीत होतो. फोन जप्त झाला. "आम्ही तुमच्या पाठीशी आहोत" म्हणणारे संपादक नंतर पाठ फिरवूनच उभे राहिले.

कोठडीचं एवढं काही वाटलं नाही. खरा घाव वेगळाच बसला. अब्बांना उमऱ्यासाठी, म्हणजे हजसारख्या छोट्या यात्रेसाठी, मक्केला जायचं होतं. वय ऐंशीच्या घरात, डोळे अधू, गुडघे गेलेले. एकटे जाणं शक्य नव्हतं, मला सोबत जायचं होतं. आणि गुन्हा प्रलंबित म्हणून माझा पासपोर्ट अडकला. यात्रेसाठी आणलेले बिनशिवलेले पांढरे कपडे अब्बांनी पेटीत खाली सरकवून ठेवले. मी ते बघितलं आणि मला माझीच लाज वाटली.

अशात क्रशरवाल्यांचा एक माणूस घरी आला. फार गोड बोलणारा. म्हणाला, "सलीमभाई, कशाला म्हाताऱ्याचे तळतळाट घेता? एका कागदावर सही करा, आम्ही तक्रार मागे घेतो." कागद टाईप करूनच आणला होता. त्यात दोन वाक्यं महत्त्वाची. पहिलं — माझ्या बातम्या ऐकीव माहितीवर होत्या, त्याबद्दल मी दिलगीर आहे. दुसरं — ही खोटी माहिती मला धुळातात्यांनी दिली आणि लोकांनाही त्यांनीच भडकावलं.

म्हणजे माझ्या गळ्यातला दोर काढून तात्यांच्या गळ्यात.

मी चार दिवस कागद खिशात घेऊन फिरलो. पाचव्या दिवशी ठरवलं, सही करायची. खोटं कशाला बोलू? ठरवलंच होतं. तात्यांच्या कानावर घालून करायची, एवढाच काय तो प्रामाणिकपणा. दसरा होऊन गेला होता, ऑक्टोबरचं ऊन कडक होतं. सकाळी दहाच्या सुमाराला वस्तीवर पोहोचलो. तिथे मेंढ्यांची कातरणी चालू होती. कातरण्याआधी मेंढ्या धुवायच्या असतात, पण तलावाचं पाणी तसलं, म्हणून टँकर आणलेला. मी सवयीने नवा फोन दगडी कुंपणाच्या भिंतीवर टेकवून व्हिडिओ चालू केला आणि तात्यांशेजारी जाऊन बसलो.

"तात्या, ते लोक गुन्हा मागं घेतो म्हणतात. एका कागदावर सही मागतायत."

"वाच की," तात्या म्हणाले.

मी कागद उघडला आणि पहिलं वाक्य वाचलं. दुसरं वाचलं नाही. घडी घालून कागद परत खिशात ठेवला. तात्यांना वाचता येत नाही हे मला माहीत होतं.

तात्या सहज म्हणाले, "मग कर की सही. आमच्यापायी तुझ्या म्हाताऱ्याची वारी चुकाया नगं."

पण त्यांची बायको, मायाक्काकाकी, बाजूला लोकर गोळा करत होती. ती म्हणाली, "आवं, पोरगं एवडं लांबनं आलंय. कौल तर घ्या. द्येवाला इचारून करूं दे."

मी हसलो. म्हटलं, "काकी, गार पाणी पडल्यावर कुठलंही जनावर अंग झाडतं."

"मग तर लय बरं," काकी म्हणाली, "झाडंल आन् तू मोकळा व्हशील!"

तात्यांनी नुकतीच कातरलेली एक मेंढी पुढे ओढली. हे लक्षात ठेवा — नुकतीच कातरलेली, अंगावर लोकर नाही. पाठीवर भंडारा टाकला, हात जोडले. "बिरोबा, सलीम सही करतोय. तुझी मर्जी असंल तर झाड अंग." आणि तांब्याभर पाणी ओतलं.

मेंढी उभी राहिली. पाणी पोटावरून ओघळून खाली गेलं. तिने कानसुद्धा हलवला नाही.

दुसरा तांब्या. नाही. मग काकीने अर्धी बादली ओतली. मेंढी तशीच उभी, समोर बघत. आजूबाजूला धुतलेल्या मेंढ्या एकसारख्या अंग झाडत होत्या, आमच्या अंगावर शिंतोडे उडत होते... आणि ही एकटी ओलीचिंब, दगडासारखी. एक गोष्ट मला तेव्हाच जाणवली आणि नंतर व्हिडिओतही तपासली. ती खोकतही नव्हती.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं. "सलीम, कौल मागताना बोली पुरी सांगावी लागती रं. अर्ध्या बोलीला द्येव हुंकार देत न्हाई. काय ऱ्हायलंय का सांगायचं?"

आजवर मी मंत्र्यांना तोंडावर प्रश्न विचारलेत, पण त्या म्हाताऱ्यापुढे मान वर होईना. कागद काढला आणि दुसरं वाक्य वाचलं. त्यांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, वस्तीचं नाव, सगळं होतं त्यात.

काकीच्या हातातली लोकर खाली पडली. ती एवढंच म्हणाली, "आगं आई गं..."

वर क्रशरची घरघर चालू होती. तात्या पुन्हा मेंढीकडे वळले, हात जोडले आणि म्हणाले, "बिरोबा, आता पुरी बोली झाली. तरीबी पोरगं सही करूं दे. माझी ना न्हाई. माजं काय, चार दिस ऱ्हायल्यात." आणि उरलेली बादली त्यांनी स्वतः ओतली.

मेंढी हलली नाही.

किती वेळ गेला? व्हिडिओवर बघितलं तर अकरा मिनिटं. ऊन असं की मेंढीची पाठ वाळून गेली, ओला भंडारा सुकून तिला चिकटला. मी खाली बसून कागदाकडे बघत होतो. अब्बांचे ते पांढरे कपडे डोळ्यांसमोर आले, आणि तात्यांना बेड्या घालून गाडीत बसवतायत तेही आलं. आणि मी मनात, फक्त मनात, म्हणालो — नाही करत सही.

ओठही हलले नव्हते माझे. शप्पथ.

त्याच क्षणी मेंढीने अंग झाडलं. नाकापासून शेपटीपर्यंत, असं की वाळलेला भंडारा उडून माझ्या तोंडावर आला. पाठ कोरडी होती. झाडायला पाण्याचा थेंब नव्हता अंगावर! आणि मग ती खोकली, आणि चरायला निघून गेली.

तात्यांनी विचारलं, "काय म्हनलास रं?"

"काही नाही," मी म्हणालो. आणि कागद फाडला.

मी अर्थात गप्प बसणाऱ्यांतला नाही. ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, लोकरीत दगडाची भुकटी बसली असेल, भिजून जड झाली असेल. म्हटलं, लोकर कातरलेली होती. मग म्हणाला, फुप्फुसं खराब असली की जनावर मलूल होतं. म्हटलं, मग शेवटी कोरडी असताना झाडलं कसं? तो म्हणाला, "साहेब, माशी बसली असेल." बसली असेल! माझी ना नाही. घरी येऊन शेजाऱ्याच्या शेळीवर चार वेळा पाणी ओतलं, चारही वेळा तिने झाडून मला भिजवलं. शेजारी आता माझ्याशी जपून बोलतो.

वकिलांना व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, "यात काय आहे? एक माणूस बसलाय, एक मेंढी उभी आहे. तडजोड का नाकारली याचं हे कारण कोर्टात सांगाल, तर जज तुम्हाला मिरजेच्या डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवतील." बरोबरच आहे त्यांचं. जे घडलं ते व्हिडिओत नाहीच. ते माझ्या मनात घडलं आणि त्याला साक्षीदार एक मेंढी. पुरावा नसेल तर बातमी नाही, हे मीच नव्या पोरांना शिकवत आलोय.

अब्बांना मात्र सांगणं भाग होतं. मक्केला जाणं आता होणार नाही, हे तरी सांगायला हवं होतं. दुपारची नमाज पढून ते ओसरीवर बसले होते. कागद, मेंढी, कौल, जे घडलं ते मी सांगितलं. मला वाटलं हसतील, म्हणतील, येड्या, त्यात द्येव कुटला आला? ते हसले नाहीत. म्हणाले, "दाव बघू."

डोळ्यांजवळ फोन धरून त्यांनी तो व्हिडिओ पूर्ण बघितला. मग परत लावायला सांगितला. मेंढी अंग झाडते तिथे त्यांनी बोट ठेवून थांबवायला लावलं.

"हितं तू मनात काय म्हनलास?"

मी तर त्यांना मनातलं काही सांगितलंच नव्हतं. कागद फाडला, एवढंच सांगितलं होतं.

मी म्हणालो, "सही करत नाही, असं."

त्यांनी मान हलवली. फोन खाली ठेवला. "एकदा, सलीम... एका जत्रंत येक बकरं न्हाई झाडलं. पाच घागरी वतल्या. पंच वरडाया लागलं, मानसं जेवायची थांबल्याती, उरका मुलाणी. आन् म्या उरकलं." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "त्या दिसापास्नं सुरी धरवली न्हाई मला. तुमास्नी गुडघ्याचं कारन सांगितलं."

अब्बांनी ते काम सोडलं तेव्हा मी कॉलेजात होतो. गुडघे दुखतात म्हणाले, आम्ही मानलं.

"म्हनून मक्केला जायचं हुतं मला," अब्बा म्हणाले. "त्याची माफी मागाया."

खटला चालू आहे, क्रशर चालू आहे, तारखेला धुळातात्या कोर्टाच्या पायरीवर येऊन बसतात. माझा पासपोर्ट अजून अडकलेला आहे. अब्बांची नजर आता जवळजवळ गेली आहे. दर तारखेला मी घरातून निघताना ते माझ्या पाठीवर हात ठेवतात आणि तो हात बराच वेळ तिथेच राहतो.