आमिश घरातला आहेर

पाकीट हातात आलं तेव्हा मी टपालपेटीपाशीच खिळून राहिले. पाठवणाऱ्याचं आडनाव मी पुन्हा पुन्हा वाचलं. वर्षभर ज्या पत्राची धास्ती घेतली होती ते आलं, असंच वाटलं.

धास्तीचं कारण आदल्या ऑक्टोबरातलं, २००३ सालचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पेनसिल्व्हेनियात राहत होतो. गावाबाहेर आमिश या साधं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची शेतं होती. ते घरात वीज घेत नाहीत, मोटार बाळगत नाहीत, घोडागाडीनं फिरतात, एवढंच मला त्यांच्याबद्दल ठाऊक होतं. मला लायसन्स मिळून दोन महिने झाले होते. धुक्याच्या एका सकाळी चढ संपला आणि अचानक समोर घोडागाडी आली. मी ब्रेक दाबला, तरी कार घसरत जाऊन तिच्या मागच्या चाकावर आदळली. घोडा उधळला, गाडी रस्त्याकडेच्या चरात कलंडली. हाकणारी मुलगी विशीतली असेल. उजवं मनगट धरून ती गवतात बसली होती. ती रडत नव्हती. रडत मी होते.

पोलिसांनी मला दंड केला. नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण म्हणाला, आता ते लोक केस करतील, मग व्हिसाचं काय होतं बघा. तेव्हापासून प्रत्येक पाकिटावर मी आधी पाठवणाऱ्याचं नाव शोधायचे. त्या मुलीला भेटायला मी दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेवरून परत फिरले.

पाकिटातून निघालं तिच्या लग्नाचं आमंत्रण. नोव्हेंबरातला मंगळवार. खाली तिनं लिहिलं होतं, जेवायला नक्की या.

नवरा म्हणाला, कार्ड पाठवून दे, जाऊ नकोस. मलाही तिथल्या दोन-तीनशे माणसांच्या नजरा आत्ताच अंगावर आल्यासारख्या वाटत होत्या. पण तिनं बोलावूनही गेले नाही, तर पुन्हा कधीच तिच्यासमोर जाता येणार नाही, ही भीती त्याहून मोठी होती.

आणि आहेर काय न्यायचा? विजेवरचं काही चालणार नव्हतं. रेशमी कापड त्यांना भपकेबाज वाटलं असतं. पैसे दिले तर हाताची किंमत चुकवल्यासारखं झालं असतं. आपल्याकडच्यासारखा दोघांची नावं घातलेला स्टीलचा डबा द्यावा, तर तोही त्यांच्यात दिखावा ठरायचा.

शेवटी त्यांच्याच वस्तीतल्या भांड्यांच्या दुकानात गेले. काउंटरवर पांढऱ्या दाढीचे एक आजोबा होते. कोणाचं लग्न ते सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे ती मोटारवाली बाई तुम्हीच," ते म्हणाले.

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण त्यांनी शांतपणे एक मोठं पातेलं काढलं. फळं शिजवून बरण्यांत भरायला नव्या घरात ते लागतंच, असं त्यांनी सांगितलं. त्याला एकच लांब दांडा होता. मी भीत भीत तिच्या हाताची चौकशी केली.

"मनगट पुरतं वळत नाही," ते म्हणाले. "वजन उचलताना दुखतं."

मी दोन्ही बाजूंना कान असलेलं पातेलं मागितलं. घरी आल्यावर मात्र झोप उडाली. लग्नाच्या दिवशी मी तिला तिचा अधू हातच दाखवायला निघाले होते की काय?

मंगळवारी मी वीसच्या स्पीडनं, स्टिअरिंग घट्ट धरून गेले. जेवणं उरकल्यावर निळ्या साध्या झग्यातली नवरी आहेर पाहायला आली. तिनं पातेल्याच्या दोन्ही कानांत हात घालून ते उचलून पाहिलं.

"हे मला उचलता येईल," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "तुम्हाला अजून भीती वाटते, गाडी चालवताना?"

मी हो म्हणाले. माफ कर म्हणायचं राहूनच गेलं.

"मलाही," ती म्हणाली. "मागून मोटारीचा आवाज आला की मी लगाम आवळते. घोड्यालाही कळतं ते."

कोणीतरी हाक मारली तशी ती गेली. बाहेर अंगणात घोडागाड्यांची रांग लागली होती. त्या सगळ्या निघून जाईपर्यंत मी कार सुरू केली नाही.