कुणाच्याच बाजूला नसलेला नळ

वाडीतल्या आमच्या वस्तीत देऊळ, मशीद, विहार आणि चर्च हाकेच्या अंतरावर होती, पण कुणी कुणाच्या हाकेला ओ देत नसे. सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात मात्र चौघांची मिळून एक कमिटी झाली. कारण पाणी. वस्तीत नळ नव्हता. अमरावती रोड ओलांडून पलीकडच्या शेतातल्या विहिरीवरून आम्ही बाया पाणी आणायचो, आणि त्या रोडवर सदा ट्रकांची रांग. मी तेव्हा पोटुशी होते. रोड ओलांडताना माझा जीव मुठीत असायचा, म्हणून मी त्या कमिटीकडे डोळे लावून बसले होते.

कमिटीत सगळे पुरुष. आमच्या विहाराकडून माझा नवरा. मोर्चा न्यायचं ठरलं तेव्हा मात्र त्यांना आमची आठवण झाली. पाण्याच्या कचेरीसमोर उन्हात रिकामी भांडी बडवायला चारही ठिकाणच्या बाया लागल्या. साहेबाशी बोलायला आत गेले ते पुरुष. नळ मंजूर झाला. एकच.

साहेब म्हणाला होता, वस्तीत कुठेही जागा दाखवा, पाइप आणून देतो. विहाराच्या भिंतीशी मोकळी जागा होती. देवळाचे लोक म्हणाले, तिथलं पाणी आमच्या घरच्या बाया भरणार नाहीत. देवळापाशी बसवा म्हटलं तर आमचे लोक उसळले. त्यांचं मला समजत होतं. धर्म बदलण्याआधी गावच्या विहिरीवर कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून हंडा मांडून ताटकळलेली माझी आई मी पाहिली आहे. पण समजलं म्हणून माझा राग कमी झाला नाही. मशिदीपाशी नको, चर्चपाशी नको, असं करत उन्हाळा सरत आला. शेवटी कमिटीने एकमताने तोडगा काढला. कुणाच्याच बाजूला नको, रोडच्या पलीकडे गोदामांच्या कुंपणाशी नळ बसवायचा.

नवरा घरी येऊन कौतुकाने सांगत होता की आता कुणाला बोलायला जागाच उरली नाही. मी विचारलं, आणि रोड? तो म्हणाला, एकोप्यासाठी थोडं सोसावं लागतं. मी त्याच्यासमोर ताट आदळलं. सोसायचं कुणी, हे त्या शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे लोक, बायांच्या बाबतीत सगळे एकाच माळेचे मणी निघाले.

उद्घाटनाला मांडव घातला, हारतुरे झाले. पहिला हंडा आमच्या समाजाच्या बाईच्या हातून भरावा, असं देवळाच्या अध्यक्षांनीच सुचवलं आणि टाळ्या मिळवल्या. ती बाई म्हणजे मी. मी हंडा भरला. बाकीच्या बाया मागे रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. भरलेला हंडा मी नवऱ्यासमोर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हा तुमी घरी घेऊन चला. आज मले होत नाई."

तो इकडेतिकडे बघायला लागला. अध्यक्ष हसले. कमिटीतलं कुणी पुढे आलं नाही. बाया मात्र जागच्या हलेनात, तेव्हा त्याने हंडा खांद्यावर घेतला. रोडच्या कडेला आम्ही बराच वेळ उभे राहिलो. मग तो एकदम धावला. एक ट्रक हॉर्न मारत त्याला चाटून गेला, ड्रायव्हरने आईवरून शिवी दिली, आणि पाणी त्याच्या नव्या शर्टावर सांडलं. घरी पोचलो तेव्हा हंडा अर्धा होता.

खाली बसून त्याने विचारलं, "तू रोज अशीच येतं का वं?"

"नाई," मी म्हटलं. "रोज एक डोक्यावर असते, एक कमरेवर. आन् हे पोट."